निकालानंतरचे साठ दिवस : अपुऱ्या शिक्षेविरुद्धच्या सरकारी अपिलाचा नागपुरातला आमचा अनुभव

गंभीर मारहाणीच्या खटल्यात गुन्हा सिद्ध झाला, पण शिक्षा अगदीच तोकडी झाली, तर ती वाढवून मागण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. ही सोय जखमी माणसाच्या हातात नाही, राज्य सरकारच्या हातात आहे. सरकारने ठरवले तर सरकारी वकील वरच्या न्यायालयात अपील दाखल करतात; सरकारने ठरवले नाही तर ते दाखल होत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या प्रकरणात आम्ही नागपुरात या सोयीचा पाठपुरावा केला. दवाखाना, बँक, गॅस एजन्सी यांच्याविषयी लोक आपला अनुभव लिहून ठेवतात आणि पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. या सेवेविषयी मात्र निकालानंतर मी शोध शोध शोधले, तरी सामान्य माणसाने मराठीत लिहिलेले काही हाती लागले नाही, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्याकडे आम्हाला त्रास झाला त्यांची नावे यात नाहीत आणि ज्यांनी मदत केली त्या व्यक्तींचीही नाहीत.

माझा भाऊ मोटार वायंडिंगचे काम करतो, म्हणजे करत होता. नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत या कामाला उसंत नसते, कारण घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि मागच्या वर्षी धडधाकट असलेली मोटार या वर्षी जळालेली निघते. जळालेली तार काढून टाकायची, खाचा साफ करायच्या, आणि तांब्याची नवी तार वेढा वेढा मोजत त्यांत बसवायची. या कामात तार दोन बोटांत ताणून धरावी लागते. ताण कमी पडला तर वेढे सैल राहतात आणि जास्त झाला तर तारेवरचा लेप जातो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, घरामागच्या नालीच्या जुन्या वादावरून, शेजारच्या माणसाने त्याच्यावर सत्तूर उगारला. डोके वाचवण्यासाठी भावाने उजवा हात वर केला आणि घाव मनगटावर बसला, दुसरा खांद्यावर. शस्त्रक्रिया झाली, हात राहिला, पण तीन बोटे पूर्ण मिटत नाहीत. डॉक्टरांनी जे केले त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

खटला सत्र न्यायालयात चालला. दोषारोप खुनाच्या प्रयत्नाचा, म्हणजे त्या वेळच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०७, आणि घातक शस्त्राने गंभीर दुखापत केल्याचा, म्हणजे कलम ३२६, असा दुहेरी होता. चार वर्षांहून अधिक काळ तारखा पडत राहिल्या. शेवटी खून करण्याचा उद्देश सिद्ध झाला नाही असे न्यायालयाने म्हटले, कलम ३२६ सिद्ध धरले, आणि आरोपीने कच्च्या कैदेत काढलेले पाच महिने व काही दिवस हीच शिक्षा मानली. सोबत वीस हजार रुपये दंड आणि त्यातले पंधरा हजार भावाला. संध्याकाळी तो माणूस गल्लीत परत आला होता. भाऊ मला एवढेच म्हणाला, "ताई, त्याले आजच सोडलं काय?" मला उत्तर देता आले नाही.

आकडे समोर ठेवले म्हणजे आमची अस्वस्थता कळेल. कलम ३२६ मध्ये जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंतची कैद आणि दंड, अशी तरतूद होती, पण किमान शिक्षा कोणतीच नव्हती. त्यामुळे पाच महिने कायद्याच्या चौकटीबाहेर नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच गुन्ह्यासाठी, कलम ११८ च्या दुसऱ्या पोटकलमात, किमान एक वर्षाची कैद घातली आहे, आणि दुखापतीने कायमचे अपंगत्व आले तर कलम ११७ च्या तिसऱ्या पोटकलमात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. आमच्या प्रकरणाला हे लागू नाही. गुन्हा घडला तेव्हा जो कायदा होता त्यापेक्षा जास्त शिक्षा संविधानाचे कलम २० देऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांच्या घरात हा प्रसंग १ जुलै २०२४ नंतर घडला असेल त्यांनी दोषारोप कोणत्या पोटकलमाखाली ठेवला आहे हे पहिल्या दिवसापासून पाहावे.

न्यायाधीशांवर रोष धरावा असे मला निकालपत्र वाचूनही वाटले नाही. आरोपीचा हा पहिलाच गुन्हा आहे, घरात म्हातारी आई आणि दोन लहान मुले आहेत, घटनेला बरीच वर्षे लोटली आहेत, ही कारणे खरी होती आणि शिक्षा ठरवताना ती पाहिली जातातच. मला खटकले ते वेगळे. निकालपत्रात पुराव्याची चर्चा पानेच्या पाने होती, पण शिक्षेच्या भागात माझ्या भावाच्या हाताचा उल्लेख एका ओळीत होता आणि त्याच्या कामाचा उल्लेख नव्हताच. कारणही साधे होते. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या प्रमाणावर आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये आहे. ते त्याच दिवशी, अर्ध्या तासात झाले. आरोपीच्या वकिलांनी त्याची आई, मुले, पगार, सगळे मांडले. आमच्या बाजूने कागद कोणी पुढे केला नाही, कारण असा कागद पुढे करायचा असतो हे आम्हाला माहीतच नव्हते. जखमीला स्वतःचा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला देता येतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देता येतो, हेही आम्हाला नंतर कळले. या सेवेचे परीक्षण लिहिताना मला पहिली गोष्ट हीच सांगायची आहे, की शिक्षा वाढवण्याचे अपील ज्या पायावर उभे राहते तो पाया खालच्या न्यायालयात शिक्षेच्या सुनावणीच्या दिवशीच घातला जातो.

आता कायद्यातल्या वाटा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७७ नुसार शिक्षा अपुरी आहे या कारणावर राज्य सरकार आपल्या सरकारी वकिलांना अपील दाखल करण्याचा निर्देश देऊ शकते. शिक्षा दंडाधिकाऱ्यांनी दिली असेल तर हे अपील सत्र न्यायालयात जाते, इतर न्यायालयाने दिली असेल तर उच्च न्यायालयात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४१८ आहे. जखमीचा स्वतःचा अपिलाचा हक्क वेगळ्या ठिकाणी आहे, जुन्या कलम ३७२ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अपवादात), म्हणजे आताच्या कलम ४१३ मध्ये. तो ३१ डिसेंबर २००९ पासून आला आणि तीनच प्रसंगांत मिळतो: आरोपी सुटला तर, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला तर, किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली तर. शिक्षा अपुरी असल्याचा प्रसंग त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली परविंदर कन्सल यांच्या प्रकरणात हे स्पष्टच सांगितले, की शिक्षा वाढवण्यासाठी पीडिताला या परंतुकाखाली अपील करता येत नाही.

आमच्या प्रकरणात ३०७ ऐवजी ३२६ झाले होते, म्हणजे कमी गंभीर गुन्हा. शिवाय भरपाई पंधरा हजार. या दोन्ही कारणांवर भावाला स्वतः उच्च न्यायालयात जाता येत होते. निकालाच्या दिवशी हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. आम्हाला सांगण्यात आले ते असे: "निकाल लागला ना तुमच्या बाजूने, आता घरी जा."

या सेवेतला सर्वांत मोठा दोष येथे आहे आणि तो मी संयमाने पण स्पष्टपणे नोंदवते. उच्च न्यायालयात असे अपील करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार शिक्षेच्या तारखेपासून ६० दिवस आहे. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायचे असेल तर ३० दिवस. प्रमाणित नक्कल मिळवण्यात जाणारा वेळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच करून ठेवावा. आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य आणि ताबडतोब मिळते. जखमीला नकलेसाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, आणि मुळात आपण अर्ज करू शकतो हे माहीत असावे लागते. आम्ही तो अर्ज चौतिसाव्या दिवशी केला, तोही नुकसानभरपाईचे पंधरा हजार मिळण्यासाठी प्रत लागेल असे वाटून.

त्यानंतर शिक्षा वाढवण्याविषयी विचारायला आम्ही एका कार्यालयात गेलो. पहिल्यांदा सांगितले गेले की साहेब बाहेर आहेत. दुसऱ्यांदा सांगितले गेले की असे अपील सरकार आपणहून करते, फिर्यादीच्या अर्जाची गरज नसते. तिसऱ्यांदा आमचा अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार दिला. "अर्ज ठेवून जा, पाहतो" इतकेच. मी हिशेबनिसाचे काम करते आणि आवक शिक्क्याशिवाय कागद टेबलावर ठेवायचा नाही हे मला सवयीने माहीत आहे, तरी त्या दिवशी मी तो ठेवून आले. आठ दिवसांनी तो कागद कोणाला सापडेना. या आठ दिवसांचे मोल मला पुढे कळले. कार्यालयातली माणसे दुष्ट नव्हती, कामाखाली दबलेली होती. पण साठ दिवसांची मुदत चालू असताना पोच न देता कागद ठेवून घेणे याचा अर्थ जखमीच्या एकमेव संधीतून आठवडा कापून घेणे असा होतो, आणि त्याची नोंद कोठेच राहत नाही.

येथून पुढचा अनुभव चांगला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आम्ही गेलो ते एका ओळखीच्या काकूंच्या सांगण्यावरून. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतली माणसे यांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना वकील विनामूल्य मिळतो. बहुतेक लोकांना वाटते की ही सोय आरोपीसाठीच आहे. ती जखमीसाठीही आहे. भाऊ उत्पन्नाच्या मर्यादेत बसत होता. अर्ज साधा आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही प्राथमिक माहिती मिळते. उच्च न्यायालयातल्या कामासाठी तेथे विधी सेवा उपसमिती वेगळी आहे. आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या. त्यांनी निकालपत्र आमच्यासमोर शेवटपर्यंत वाचले, आणि पहिला प्रश्न भावाला विचारला तो असा: "दादा, तुम्हाला नेमकं काय हवं आहे?" चार वर्षांत त्याला हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

त्यांनी आम्हाला खोटी आशा दाखवली नाही, आणि या सेवेकडे जाणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकून ठेवावे म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, वरचे न्यायालय "आम्ही असतो तर जास्त शिक्षा दिली असती" एवढ्याने शिक्षा वाढवत नाही. बेदराज यांच्या १९५५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की शिक्षा ठरवणे हा खालच्या न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे, आणि तो विवेक रीतसर वापरला गेला असेल तर आरोपीच्या विरोधात त्यात हात घालायला फार सबळ कारण लागते. दुसरी गोष्ट, सरकारचे अपील लागले की आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि त्या वेळी तो शिक्षा कमी करा इतकेच नाही, तर मला निर्दोष सोडा अशीही मागणी करू शकतो. म्हणजे जिंकलेला खटला पुन्हा उघडा होतो. आमच्या प्रकरणात दोन साक्षीदार फितूर झाले होते आणि सगळा भार भावाच्या व माझ्या वहिनीच्या साक्षीवर होता, म्हणून हा धोका पोकळ नव्हता. त्या रात्री आम्ही घरात यावर खूप बोललो. वहिनींचे मत नको असे होते. निर्णय भावाने घेतला.

आधार देणारे निकालही मॅडमनी दाखवले. मध्य प्रदेश सरकारविरुद्ध नजब खान या २०१३ च्या प्रकरणात कलम ३२६ खाली तीन वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने कमी करून भोगलेल्या चौदा दिवसांवर आणली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती तीन वर्षे पुन्हा कायम केली. जखमीचे काय झाले, शस्त्र कोणते होते, घाव कोठे बसला, हे न पाहता केवळ काळ लोटला म्हणून सवलत देता येत नाही, असा त्यातला रोख. आमच्या परिस्थितीशी हे बरेच जुळत होते. दुसऱ्या बाजूने, शिक्षा किती असावी यासाठी आपल्याकडे ठरवून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे नाहीत ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने स्वतः नोंदवलेली आहे. न्यायमूर्ती मलिमठ समितीने २००३ साली अशा तत्त्वांची शिफारस केली होती. ती असती तर पाच महिने आणि दहा वर्षे यांच्यामधल्या एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत आम्हाला चाचपडावे लागले नसते.

दुसरा अर्ज मॅडमच्या देखरेखीखाली तयार झाला, आणि सेवेचा दर्जा कागदावर किती अवलंबून असतो हे मला तेव्हा दिसले. आमचा पहिला अर्ज "गरिबाला न्याय मिळावा" अशा शब्दांत होता; तो मनापासून लिहिलेला होता, पण त्यात वाचणाऱ्याला हाताशी धरायला काही नव्हते. दुसऱ्या अर्जात निकालपत्राच्या परिच्छेदांचे क्रमांक होते. वैद्यकीय प्रमाणपत्राची निशाणी (न्यायालयाने त्या पुराव्याला दिलेला क्रमांक), डॉक्टरांच्या साक्षीतले मनगटाच्या शिरा आणि स्नायुबंध तुटल्याबद्दलचे वाक्य, दुकानाच्या भाड्याच्या पावत्या, हल्ल्याआधीच्या आणि नंतरच्या तीन उन्हाळ्यांच्या कामाच्या वह्या, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. वह्या पाहून मला रडू आले, कारण पहिल्या वहीत त्याचे अक्षर होते आणि नंतरच्या वह्यांत वहिनींचे. मॅडमनी शेवटी एक परिच्छेद जोडला: खालच्या न्यायालयाने शिक्षेच्या बाजूने कोणत्या गोष्टी पाहिल्या, कोणत्या पाहिल्या नाहीत. "तुमचं दुःख मोठं आहे हे साहेबांना ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "निकालात काय सुटलं ते त्यांना दाखवायचं आहे." हा अर्ज आम्ही पोच घेऊन दिला, एक प्रत टपालाने नोंदणीकृत पाठवली, आणि निकालपत्राची नक्कल सोबत जोडली. कोणालाही असा अर्ज करायचा असेल तर माझा आग्रह आहे की तोंडी विनंतीवर एक दिवसही घालवू नये.

यानंतर कागद कसा जातो तेही थोडक्यात सांगते. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांचे मत मागवले जाते, तपास करणाऱ्या पोलीस ठाण्याकडून प्रस्ताव व कागदपत्रे जातात, अपील करावे की नाही याची छाननी होते, आणि शासनाचा निर्देश आल्यावर उच्च न्यायालयातले सरकारी वकील अपील तयार करतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये अपिलाबाबत मत देणे हे अभियोग संचालकांचे काम म्हणून लिहिलेले आहे, ही चांगली गोष्ट आहे, कारण जबाबदारी कोणाची हे निदान नावानिशी कळते. पोलीस ठाण्यातल्या पैरवी करणाऱ्या हवालदारांनी आम्हाला प्रामाणिक मदत केली. कोणता कागद कोणत्या टप्प्यावर आहे हे ते स्वतः फोन करून सांगत. पण या साखळीत प्रत्येक कडी आपापला वेळ घेते आणि साठ दिवस कोणासाठी थांबत नाहीत. आमचे अपील मुदतीनंतर दाखल झाले, विलंब माफ करण्याच्या अर्जासह. आरोपीच्या वकिलांनी त्या अर्जाला कडाडून विरोध केला. विलंब जखमीमुळे झालेला नाही हे दाखवायला आमच्याकडे दुसऱ्या अर्जाची पोच होती. पहिल्या अर्जाची नव्हती. विलंब माफ झाला.

शासनाने नकार दिला असता तर काय, हेही मी विचारून घेतले होते. उच्च न्यायालयाला पुनरीक्षणाच्या, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निर्णय तपासून पाहण्याच्या, अधिकारात शिक्षा वाढवण्याची नोटीस स्वतःहून काढता येते, आणि जखमीला त्या अधिकाराकडे न्यायालयाचे लक्ष वेधता येते. पुनरीक्षण अर्जाची मुदत ९० दिवसांची आहे. ही वाट अरुंद आहे, पण बंद नाही. परदेशातली व्यवस्था वाचून मला थोडा हेवा वाटला: इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या कायद्यापासून अशी सोय आहे की ठरावीक गंभीर गुन्ह्यांत शिक्षा फारच सौम्य वाटली तर कोणीही, अगदी खटल्याशी संबंध नसलेला माणूसही, अॅटर्नी जनरलकडे फेरविचाराची विनंती करू शकतो, मात्र २८ दिवसांच्या आत. तेथेही निर्णय सरकारी अधिकाऱ्याचाच असतो आणि मुदत आपल्याहून कडक आहे. पण विनंती कोणाकडे व कशी करायची हे सामान्य माणसाला शोधले तर सापडते, एवढा फरक पुरेसा मोठा आहे.

अपील नागपूर खंडपीठात दाखल झाले. सिव्हिल लाइन्समधली १९४० साली खुली झालेली ती दगडी इमारत मी लहानपणापासून बाहेरून पाहत आले होते. तिच्या पायऱ्या चढण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला. जिल्हा न्यायालयापासून ती पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे, आणि आम्ही नागपूरचे असल्यामुळे आमचा खर्च ऑटोच्या भाड्यापुरता राहिला. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांची प्रकरणे येथेच येतात. आमच्या शेजारी बाकावर गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरच्या सिरोंचाहून आलेले एक बाबा बसले होते. त्यांच्या मुलाचे प्रकरण त्या दिवशी बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, खाली होते आणि पुकारा झालाच नाही. ते रात्रीच्या गाडीने परत गेले. या सेवेच्या गुणदोषांचा हिशेब करताना नागपूरच्या माणसाने आपला अनुभव सगळ्या विदर्भाचा समजू नये, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटले.

उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांचे काम मला मनापासून आवडले. त्यांच्याकडे त्या दिवशी प्रकरणांचा ढीग होता, पण आमचे प्रकरण पुकारल्यावर त्यांनी पहिल्या दोन वाक्यांत भावाचा व्यवसाय सांगितला, तिसऱ्यात शस्त्र, चौथ्यात घावाची जागा. शिक्षेच्या भागात जे एका ओळीत होते ते त्यांनी न्यायमूर्तींना वाचून दाखवले. आरोपीला नोटीस निघाली, पुढे अपील सुनावणीसाठी दाखल करून घेतले गेले. भावाने अपुऱ्या नुकसानभरपाईविरुद्ध स्वतःचे अपील केले आहे तेही त्याबरोबरच ठेवले आहे. ३०७ चा मुद्दा त्याने सोडून दिला; मारण्याचा उद्देश होता की नाही हे त्या माणसाच्या मनातले मला काय ठाऊक, असे तो म्हणाला, आणि मला त्याच्या या म्हणण्याचा आदर वाटतो.

नोटीस निघाल्यानंतर घरी माणसे येऊ लागली. आरोपीचे मामा आले, गल्लीतले दोन वडीलधारे आले, पैशांची गोष्ट निघाली. ज्यांच्या घरी असे लोक येतील त्यांना इतके सांगते, की कलम ३२६ चा गुन्हा आपसात मिटवण्यासारख्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे "तुम्ही सही केली की खटला संपतो" हे खरे नसते; समझोत्याचा कागद मात्र शिक्षा कमी मागण्यासाठी न्यायालयापुढे ठेवला जातो. काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे, पण वकिलांना विचारल्याशिवाय सही करू नये. भावाने आलेल्यांना चहा दिला आणि सही केली नाही.

प्रकरणाची माहिती मिळण्याच्या बाबतीत मला चांगलेच म्हणायचे आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक) टाकला की खालच्या न्यायालयातली पुढची तारीख, रोजनामा आणि निकाल दिसतो. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती आणि बोर्ड पाहता येतो. पूर्वी जे कळायला अर्धा दिवस जायचा ते घरबसल्या कळते. निकाल लागल्याबरोबर जखमीच्या फोनवर "अपिलाची मुदत अमुक तारखेपर्यंत, मोफत वकिलासाठी १५१००" इतका एक संदेश याच यंत्रणेतून गेला, तर आमच्यासारख्या किती तरी घरांचे चौतीस दिवस वाचतील. नकलेच्या शुल्कातून जखमीला सूट द्यावी, शिक्षा वाढवण्याच्या अर्जाला पोच सक्तीची करावी आणि शासनाने अपील न करण्याचे ठरवले तर ते मुदतीच्या आत लेखी कळवावे, एवढ्या तीन गोष्टींसाठी आम्ही विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी निवेदनही दिले आहे.

मला कोणी विचारले की ही सेवा घ्यावी का, तर मी हो म्हणते, पण निकालाच्या दिवशी, दुसऱ्या दिवशीही नाही. उच्च न्यायालयातल्या कामाला आणि मोफत वकिलाच्या सेवेला मी पूर्ण गुण देईन. त्याआधीच्या टप्प्याला, जेथे जखमीने दार कोठे आहे ते स्वतःच शोधायचे असते, मला गुण देता येत नाहीत.

अपील अंतिम सुनावणीच्या यादीत आहे. या उन्हाळ्यात भावाने एक मुलगा हाताखाली ठेवला आहे. तार तो मुलगा ताणून धरतो आणि वेढे भाऊ मोजतो. मी दर सोमवारी बोर्ड पाहते आणि आमचा क्रमांक आला नसेल तर त्याला फोनवर तसे सांगते.